ताराबाई मोडक आणि अंगणांतील शाळा

१

वसमत हें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत मोडतें. १ मे १९९९ पूर्वीं तें परभणी जिल्ह्यांत होतें, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथें निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा अंमल होता. हळदीची मोठी पेठ म्हणून या गांवाची ख्याति आहे. या तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत जाऊन ‘अंगणवाडी कोठें आहे?’ असें विचारलें, तर लहान पोरहि बोट दाखवितें. तें बोट जिकडे जातें तिकडे बहुधा एक खोली असते. क्वचित् समाजमंदिराचा किंवा शाळेच्या ओसरीचा एखादा कोपरा असतो. अंगण असतेंच असें नाहीं. शब्द अंगणाचा आणि वस्तु खोलीची, असें कां व्हावें? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं जाऊं लागलें म्हणजे आपण वसमतपासून निघून ठाणें जिल्ह्याच्या समुद्रकांठीं, बोर्डी नांवाच्या गांवीं, १९४५ सालांत जाऊन पोहोंचतों, आणि तेथें आपणांस कै. ताराबाई मोडक भेटतात.

ताराबाईंचें वसमतशीं प्रत्यक्ष नातें नव्हतें. त्यांचें कार्य भावनगर, दादर, बोर्डी व कोसबाड या चार ठिकाणीं झालें. तथापि ज्यांच्या कार्याचें फळ या तालुक्यांतील गांवोगांवच्या मुलांपर्यंत नांवानें तरी येऊन पोहोंचलें, त्यांचें चरित्र येथील वाचकांनीं परकें मानूं नये, असें आम्हांस वाटतें. ताराबाईंस ‘भारताच्या माँटेसोरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. या बिरुदांत गौरव आहे खरा, पण त्यानें त्यांच्या कार्याचें खरें वैशिष्ट्य झांकलें जातें, असें आमचें मत आहे. तें मत कोणत्या आधारावर बनलें, हें त्यांच्या चरित्रांतील प्रमुख गोष्टी सालवार मांडून दाखविण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

२

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे मुंबईच्या प्रार्थनासमाजांतील कार्यकर्ते, आई उमाबाई. उमाबाईंचा केळकरांशीं झालेला विवाह हा पुनर्विवाह होता. त्या काळीं अशा घरावर समाजाची कशी नजर असे, हें वाचकांस सांगावयास नको. मुलींनीं शिकावें कीं नाहीं, याचा बाहेर वाद चालू असतां या घरांत मात्र तो प्रश्न केव्हांच निकालांत निघाला होता. ताराबाई १९१४ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढें अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाहीं, आणि १९२१ च्या सुमारास त्या स्वतंत्रपणें राहूं लागल्या. त्यानंतर राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या स्त्रीशिक्षिकांच्या विद्यालयाचें मुख्याध्यापकपद त्यांस मिळालें. पगार, मान आणि स्थैर्य या तिन्ही दृष्टींनीं ती जागा उत्तम होती.

ती जागा सोडून त्या १९२३ सालीं भावनगरास गेल्या. तेथें नानाभाई भट्ट यांनीं स्थापिलेल्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर सुरू केलें होतें. गिजुभाई मूळचे वकील. इटलींतील विदुषी मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीचा अभ्यास करून, ती गुजराती घरांतील मुलांस मानवेल अशा रूपांत आणण्याचा त्यांचा खटाटोप चालू होता. मोठ्या मुलींच्या शिक्षिका घडविणाऱ्या विद्यालयाच्या प्रमुखपणाहून अडीच-तीन वर्षांच्या पोरांमध्यें जमिनीवर बसणें अधिक महत्त्वाचें आहे, असें ठरविणारी पदवीधर स्त्री त्या काळीं विरळाच होती. बालशिक्षण हें शिकलेल्या माणसाचें काम आहे, ही गोष्टच तेव्हां लोकांस पटावयाची होती. लहान मुलांस सांभाळावयाला एखादी म्हातारी पुरे, असा सर्वसाधारण समज होता.

भावनगरांतील नऊ वर्षें हा ताराबाईंचा अभ्यासकाल होय. १९२६ सालीं गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकारानें नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षण पत्रिका’ हें मासिक गुजरातींत निघूं लागलें, आणि १९३३ पासून त्याची मराठी आवृत्ति ताराबाईंच्या संपादकत्वाखालीं निघाली. मुलाच्या रडण्याचा, हट्टाचा, खोटें बोलण्याचा, भीतीचा विचार शास्त्रीय दृष्टीनें आणि तरीहि आईबापांस समजेल अशा भाषेंत करावयाचा, हा या मासिकाचा बाणा. मूल हें मोठ्या माणसाची लहान प्रत नसून त्यास स्वतःचा वेग व स्वतःची निवड असते. भय आणि बक्षीस या दोहोंवांचून तें शिकतें. ही शिकवण मराठी घरांत नेमानें पोहोंचविण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं या पत्रिकेस दिलें पाहिजे.

३

१९३२ सालीं ताराबाई मुंबईस परतल्या, आणि १९३६ सालीं दादर येथें शिशुविहार सुरू झाला. शिक्षिका तयार करण्याचें अध्यापनमंदिरहि त्यास जोडलें गेलें. येथपर्यंतचें चरित्र पाहिलें तर ‘भारताच्या माँटेसोरी’ हें बिरुद यथार्थच वाटतें. पण येथेंच एक अडचण उभी राहते, आणि ताराबाईंचा मोठेपणा त्या अडचणीकडे त्यांनीं पाठ फिरविली नाहीं, यांत आहे.

माँटेसोरीबाईंनीं आपलें पहिलें बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेंझो नांवाच्या मजुरांच्या वस्तींत उघडलें होतें. आईबाप कामावर गेल्यावर चाळीच्या जिन्यांतून हुंदडणारीं पोरें हे त्यांचे पहिले विद्यार्थी. म्हणजे ही पद्धति जन्मली गरिबांच्या मुलांत. परंतु समुद्र ओलांडून ती आपल्याकडे आली ती किंमती होऊन आली. मनोऱ्याचे घोटीव ठोकळे, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत कागदाचीं अक्षरें, लहान आकाराच्या मेजखुर्च्या हें सर्व साहित्य ठराविक मापाचें हवें. त्यास पैसा हवा, आणि तें मांडावयास जागा हवी. परिणामीं बालमंदिर ही शहरांतील सुखवस्तु घरांची सोय होऊन बसली. २८ ऑक्टोबर १९३१ रोजीं लंडन येथें माँटेसोरी अध्यापनविद्यालयांत बोलतांना महात्मा गांधींनीं हें शिक्षण श्रीमंतांच्याच नव्हे, तर कंगालांच्या मुलांसहि मिळावें, अशी आशा प्रकट केली होती. १९३९ सालीं माँटेसोरीबाई स्वतः हिंदुस्थानांत आल्या आणि युद्धामुळें बरींच वर्षें येथें राहिल्या. त्यांच्या वर्गांतून शिक्षक-शिक्षिका मोठ्या संख्येनें तयार झाल्या. तरी खेड्याचा प्रश्न होता तेथेंच राहिला.

गिजुभाई २३ जून १९३९ रोजीं वारले. संघाचा भार ताराबाईंवर आला. दादरचें काम जमलेलें होतें, नांव झालें होतें, वयाची पन्नाशी उलटली होती. अशा वेळीं शहरांतील काम दुसऱ्यांवर सोंपवून त्या १९४५ सालीं बोर्डीस गेल्या आणि त्यांनीं ग्राम बाल शिक्षण केंद्र स्थापिलें. राजकोटची जागा सोडतांना त्यांनीं जें केलें होतें तेंच त्यांनीं वयाच्या ५३ व्या वर्षीं पुन्हां केलें, ही गोष्ट चरित्रकारानें विसरूं नये.

४

बोर्डी हें डहाणू तालुक्यांतील किनाऱ्यावरचें गांव. तें त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होतें, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. याच मुलखांत १९४५ सालीं वारली लोकांनीं वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांचें नांव त्या लढ्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. लढ्याचा मार्ग निराळा आणि ताराबाईंचा निराळा. पण दोन्ही कामें एकाच वर्षीं, एकाच तालुक्यांत उभीं राहिलीं, हा काळाचा संदर्भ ध्यानांत घेण्याजोगा आहे. ज्या घरांत बापाचा दिवस सावकाराच्या शेतावर जात होता, त्या घरांतील तीन वर्षांच्या मुलाचें शिक्षण हा विषय ताराबाईंनीं हातीं घेतला होता.

या वेळीं त्यांस अनुताई वाघ यांची साथ लाभली. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजीं पुणें जिल्ह्यांतील मोरगांव येथें झाला. तेराव्या वर्षीं विवाह आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य, अशा प्रसंगांतून जाऊन त्या शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेंत त्यांनीं कित्येक वर्षें शिकविलें. १९४५ सालीं बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविकांच्या शिबिरांत त्यांची ताराबाईंशीं गांठ पडली, आणि शहरांतील नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या. बोर्डी व कोसबाड येथील कार्याचें श्रेय वांटतांना इतिहासलेखकानें या दोघींस वेगळें करूं नये. विचाराची दिशा ताराबाईंची. परंतु ती दिशा रोजच्या रोज पायांनीं चालून दाखविणाऱ्या अनुताई होत.

बोर्डीस बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठीं उघडली तीं मुलें येईनात. दलित वस्तींतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुलांस गांवांतील बालवाडी दूर होती, आणि हें अंतर केवळ पावलांचें नव्हतें. आई मजुरीस गेलेली, अंगावर धड वस्त्र नाहीं, गांवांतील मोठ्या घरांच्या दारावरून जावयाचें भय. अशा स्थितींत तीन-चार वर्षांचें पोर एकटें शाळेंत कसें यावें? सामान्य संस्थेनें अशा वेळीं ‘लोकांस शिक्षणाची आवड नाहीं’ असा शेरा मारून अहवाल पुरा केला असता. ताराबाईंनीं दोष लोकांच्या माथीं न मारतां शाळेच्या माथीं मारला. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें. आणि शिक्षिका वस्तींत जाऊन कोणाच्या तरी घरापुढच्या अंगणांत मुलें जमवूं लागल्या. हीच ती अंगण-बालवाडी.

या अंगणांत काय होत असे? प्रथम मुलांस न्हाऊं घालणें, नखें काढणें, केस विंचरणें. मग गाणीं, गोष्टी, खेळ. साहित्य म्हणाल तर शंख-शिंपले, बिया, पानें, फुलें, माती, बांबूचे तुकडे. लहान-मोठें, हलकें-जड, गुळगुळीत-खरखरीत हे भेद ओळखावयास मापाचे ठोकळेच लागतात असें नाहीं. समुद्रकांठच्या मुलास ते शिंपल्यांवरून ओळखतां येतात. माँटेसोरी पद्धतीचें तत्त्व राखून तिचें सामान बदलणें, हा येथील खरा शोध होय. आणि अंगणाचा गुण असा कीं तेथें भिंत नसते. आई कामावरून येतां-जातां पाहते, आजी उंबऱ्यावर बसून ऐकते, कडेवर भावंड घेतलेली आठ वर्षांची बहीणहि हळूच येऊन टेकते. मुलाबरोबर घरहि शिकूं लागतें.

५

त्या आठ वर्षांच्या बहिणीनेंच पुढचा प्रश्न उभा केला. प्राथमिक शाळेंत मुली येत नाहींत, याचें एक मोठें कारण म्हणजे त्यांच्या कडेवरचें मूल. त्या मुलास ठेवावयास जागा मिळाल्याखेरीज ती मुलगी शाळेंत येणें शक्य नव्हतें. १९५७ च्या सुमारास संस्थेचें काम बोर्डीहून जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि तेथें या प्रश्नाचें उत्तर म्हणून ‘विकासवाडी’चा प्रयोग उभा राहिला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारांत, एकमेकांस जोडून. तान्हें मूल पाळण्यांत, मधलें बालवाडींत आणि मोठी बहीण वर्गांत, अशी ही योजना होती. शिक्षणखातें ज्या वयांचे वेगवेगळे कप्पे पाडतें, तीं मुलें प्रत्यक्ष जीवनांत एकाच घरांतलीं असतात, हें या योजनेनें ओळखलें.

तरीहि कांहीं मुलें उरलींच. तीं गुरें राखावयास रानांत जात. गुरें सोडून शाळेंत या, असें त्यांस सांगणें म्हणजे घरांतली भाकरी सोडून या, असें सांगणें होतें. तेव्हां शिक्षक कुरणांत गेले. गुरें चरत असतां मुलांस तेथेंच शिकवावें, अशी ‘कुरणशाळा’ निघाली. अंगण आणि कुरण हे दोन शब्द एकापुढें एक ठेवले म्हणजे ताराबाईंच्या उत्तरायुष्याचें सूत्र हातीं लागतें. शाळा ही जागा नसून तें एक येणें-जाणें आहे. आणि त्यांत चालून जाण्याचें ओझें दुबळ्यानें नव्हे, सबळानें वाहावें. हें सूत्र रोमच्या बालगृहांत नाहीं. भावनगरच्या बालमंदिरांतहि नाहीं. दादरच्या शिशुविहारांतहि नाहीं. म्हणूनच ‘भारताच्या माँटेसोरी’ हें बिरुद आम्हांस तोकडें वाटतें.

१९६२ सालीं ताराबाईंस पद्मभूषण देण्यांत आलें. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यानंतर २७ सप्टेंबर १९९२ रोजीं निवर्तेपर्यंत अनुताईंनीं हें कार्य पुढें चालविलें.

६

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना देशांतील ३३ विभागांत सुरू केली. तिच्या गांवपातळीवरील केंद्रास जें नांव मिळालें तें ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या अंगण-बालवाडीशीं या नांवाचें आणि कल्पनेचें साम्य उघड आहे, आणि बालशिक्षणाच्या क्षेत्रांत ताराबाई व अनुताई यांस अंगणवाडीच्या प्रवर्तक मानतात तें यामुळेंच. योजनेच्या सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांस आहार व आरोग्य यांचें शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचें अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. २००१ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनीं ही योजना सार्वत्रिक करण्यास चालना मिळाली. २००२ च्या घटनादुरुस्तीनें सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचें संगोपन व शिक्षण राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन वर्षांपासूनचें शिक्षण पायाभूत टप्प्यांत धरलें. ज्या कामास १९२३ सालीं एखादी म्हातारी पुरे असें वाटत होतें, त्यास शतकाच्या आंत राष्ट्रीय धोरणांत स्थान मिळालें.

परंतु नांव सरकारी झालें तसा अंगणाचा अर्थ मागें पडत गेला. सहा सेवांमध्यें शिक्षण ही एक. आणि आहाराचें वाटप, वजनाचे तक्ते व नोंदवह्या यांतून सेविकेचा जो वेळ उरेल तो तिच्या वांट्यास येणार. ताराबाईंनीं अध्यापनमंदिरावर बालवाडीइतकाच भर दिला होता. कारण लहान मुलाची शिक्षिका ही मोठ्या मुलाच्या शिक्षिकेहून अधिक शिकलेली असावी, असा त्यांचा रोख होता. आज त्या जागीं काम करणाऱ्या स्त्रीस मिळतें तें वेतन नव्हे, मानधन. तिला उपदानाचा हक्क आहे, हें सर्वोच्च न्यायालयास एप्रिल २०२२ मध्यें सांगावें लागलें. तिच्या हातून काय होत नाहीं हें मोजण्यापूर्वीं आपण तिला काय म्हणून नेमलें आहे, हें पाहिलें पाहिजे.

७

आतां पुन्हां वसमतकडे वळूं. या तालुक्यांत हळद काढणें, शिजविणें व वाळविणें हीं कामें हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत चालतात, आणि त्यांत बायकांचे हात मोठ्या संख्येनें लागतात. शेताच्या बांधावरील लिंबाला किंवा बाभळीला झोळी बांधलेली असते; आंत तान्हें, आणि झोळीची दोरी हातांत धरून बसलेली शाळेच्या वयाची मुलगी. कोसबाडच्या विकासवाडीनें जिचा प्रश्न हातीं घेतला होता तीच ही मुलगी. मराठवाड्यांतून दर वर्षीं ऊसतोडीस जाणाऱ्या बिऱ्हाडांची कथा याहून कठीण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडी किंवा ट्रॅक्टर निघतो. त्यांत भांडीं, कोयते आणि मुलें असतात. गांवच्या अंगणवाडीच्या पटावर तें नांव राहतें, आणि मूल शेंकडों कोसांवर एखाद्या उसाच्या फडांत पाचटावर खेळत असतें. ताराबाईंच्या कसोटीनें पाहिलें तर येथें मूल शाळेंत येत नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. शाळा मुलामागें गेली नाहीं, असेंच म्हणावें लागेल. साखरशाळांसारखे प्रयत्न झाले ते याच दिशेचे होत. ते तुटक राहिले, ही गोष्ट वेगळी.

कोणी म्हणेल कीं, बोर्डी-कोसबाडचा प्रयोग दोन असामान्य स्त्रियांच्या त्यागावर उभा होता. तो सरकारी योजनेच्या मापानें कसा मोजावा? आक्षेप रास्त आहे. त्याग सर्वांकडून मागतां येत नाहीं, आणि मागूंहि नये. पण अंगणांत बसणें, कुरणांत जाणें, पाळणाघर शाळेस जोडणें या गोष्टी त्यागाच्या नसून योजनेच्या आहेत; त्यांस लागतें तें शिकलेलें व पुरेसें वेतन मिळणारें मनुष्यबळ, आणि जागा बदलण्याची मुभा. ताराबाईंच्या चरित्राकडे केवळ पूजेच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे हा व्यवहाराचा भाग नजरेआड होतो.

शेवटीं वसमत परिसरांतील वाचकांस एक विनंति करावयाची आहे. या तालुक्यांत पहिल्या अंगणवाड्या निघाल्या तेव्हांच्या सेविकांपैकीं ज्या हयात असतील त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. जुन्या हजेरीवह्या, वजनाचे तक्ते, गाण्यांच्या हातवह्या रद्दींत जाण्यापूर्वीं जमवाव्यात. सनदा, महजर आणि कैफियती जपण्याची आपल्या संशोधकांस संवय आहे; परंतु ज्या वहींत एखाद्या मजुराच्या पोराचें नांव प्रथमच लिहिलें गेलें, तीहि अस्सल कागदांतच जमा केली पाहिजे. ती वही प्रथम कोणाच्या अंगणांत उघडली गेली, एवढी एक नोंद तिच्यावर करून ठेवली तरी पुढील अभ्यासकाचें मोठें काम होईल.